पायाच्या फुगलेल्या शिरांवर लेझर उपचार: सोलापूरकरांसाठी, पहिल्या तपासणीपासून पुन्हा कामावर जाईपर्यंत

यंत्रमागावर बारा तासांची पाळी उभ्यानं काढणारे कामगार, मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या महिला, भट्टीपुढचे आचारी, शिक्षक, वाहतूक पोलीस. पायाच्या शिरा फुगण्याचा त्रास अशा कामांत लवकर वाढतो. बहुतेक जण तो वर्षानुवर्षं अंगावर काढतात आणि घोट्यापाशी जखम झाली की मग एकदम ‘लेझर करून टाका’ म्हणत दवाखाना गाठतात.

लेझर उपचार चांगलाच आहे. इंग्लंडच्या ‘नाइस’ संस्थेनं २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत मुख्य शीर गळत असेल (म्हणजे तिच्यातलं रक्त उलट खाली येत असेल) तर ती आतून उष्णतेनं बंद करण्याला पहिली पसंती दिली, त्यानंतर फोमच्या (फेसाळ औषधाच्या) इंजेक्शनला आणि शेवटी जुन्या, शीर ओढून काढण्याच्या ऑपरेशनला. पण मशीन किती भारी आहे यापेक्षा आधीची डॉपलर तपासणी (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) किती नीट झाली आणि नंतरचे दोन आठवडे तुम्ही कसे काढले, यावर निकाल जास्त अवलंबून असतो. म्हणून या लेखात लेझरइतकीच जागा या दोन गोष्टींना दिली आहे.

बिघाड नेमका कुठं असतो

पायातलं रक्त हृदयाकडे नेणाऱ्या शिरा दोन थरांत असतात. स्नायूंमधल्या खोल शिरा बहुतेक सगळं रक्त वाहून नेतात. थोडंसं कातडीखालच्या वरवरच्या शिरांतून जातं. दोन्हींत ठरावीक अंतरावर झडपा असतात, एकाच दिशेनं उघडणाऱ्या दारांसारख्या. चालताना पोटरीचा स्नायू आवळतो, रक्त वर ढकललं जातं आणि मागे झडप मिटते. झडप मिटेनाशी झाली की उभं राहिल्यावर रक्त उलट खाली येतं, शिरेतला दाब वाढतो, ती फुगते आणि वेडीवाकडी होते.

वरवरच्या शिरांमध्ये दोन मुख्य. एक घोट्याच्या आतल्या बाजूनं निघते, गुडघ्याच्या आतून मांडीवर चढते आणि जांघेत खोल शिरेला मिळते. रिपोर्टवर ती ‘जीएसव्ही’ म्हणून येते. दुसरी ‘एसएसव्ही’, पोटरीच्या मागून गुडघ्यामागच्या खोबणीत जाणारी. वरच्या आणि खोल शिरांना मध्ये जोडणाऱ्या छोट्या शिरांना ‘परफोरेटर’ म्हणतात. ही तीन नावं लक्षात ठेवा, पुढं सारखी लागतील. पायावर दिसणारं गुंतवळ बहुधा मुख्य शिरेच्या फांद्यांचं असतं. लेझर त्या गुंतवळावर बाहेरून मारत नाहीत. तो मुख्य शिरेच्या आत जातो. फांद्यांचं काम वेगळं करावं लागतं.

उभं राहणं हे एकटं कारण नसतं. घराण्यात त्रास असणं, बाळंतपणं, वाढलेलं वजन, वय, खोल शिरेत पूर्वी झालेली रक्ताची गाठ, यांचाही हात असतो. त्यामुळं मागावर शेजारी उभ्या असलेल्या दोघांपैकी एकालाच त्रास होतो, यात नवल नाही.

तुमचा पाय कोणत्या टप्प्यात आहे

डॉक्टर सी-१ ते सी-६ अशी पायरी लिहितात. सी-१ म्हणजे कातडीतल्या बारीक लाल-निळ्या रेषा. सी-२ म्हणजे उभं असताना ३ मिमी किंवा त्याहून जाड फुगलेली शीर. सी-३ला सूज येते. सी-४ला घोट्याच्या आसपासची कातडी काळपट-तपकिरी पडते, खाजते, कडक होते. सी-५ म्हणजे जखम होऊन भरलेली, सी-६ म्हणजे जखम उघडी.

नुसत्या सी-१ रेषा असतील तर शिरेत फायबर (लेझरचा प्रकाश नेणारा बारीक धागा) घालण्याची गरज नसते. कुणी तसं सुचवलं तर दुसरं मत घ्या. सी-२मध्ये संध्याकाळी पाय जड होणं, ठणकणं, रात्री पोटरीत गोळे येणं असा त्रास असेल तर उपचाराचा विचार करायचा. सी-४पासून पुढं मात्र थांबू नये. घोट्याची खाज गजकर्ण समजून महिनोन् महिने मलम चोळत बसणारे बरेच असतात. मलमानं खाज दबते, दाब तसाच राहतो आणि एक दिवस त्याच जागी कातडी फुटते.

पाय दुखतो म्हणजे शिराच, असंही नाही. कमरेपासून खाली झिणझिणी उतरत असेल तर दुखणं मणक्याचं असू शकतं. ठरावीक अंतर चाललं की पोटरी दुखते आणि थांबलं की लगेच राहते, हे धमनी अरुंद झाल्याचं लक्षण. तंबाखू-बिडी ओढणाऱ्यांनी आणि मधुमेह असलेल्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावं. शिरांचं दुखणं याच्या उलट: उभं राहून वाढतं, चाललं किंवा पाय वर घेतला की हलकं वाटतं. सूज पावलावर आणि बोटांवरही चढत असेल तर हत्तीपाय किंवा लसिकेचा विकार तपासावा लागतो. दोन्ही पाय सारखेच सुजत असतील तर हृदय, मूत्रपिंड, थायरॉइड आणि रक्तदाबाच्या गोळ्या या यादीतून आधी जावं.

डॉपलर: इथं घाई करू नका

सगळ्या प्रक्रियेत सर्वांत महत्त्वाची पायरी हीच. शिरांची डॉपलर सोनोग्राफी उभ्यानं करायची असते. रुग्णाला पायरीवर उभं करून वजन दुसऱ्या पायावर टाकायला सांगतात, पोटरी दाबून सोडतात आणि रक्त उलट किती वेळ वाहतं ते मोजतात. वरवरच्या शिरेत अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त उलटा प्रवाह असेल तर झडप निकामी मानतात. मांडी आणि गुडघ्यामागच्या खोल शिरेसाठी ही मर्यादा एक सेकंद आहे. आडवं झोपवून पाच मिनिटांत दोन्ही पाय उरकले असतील तर त्या रिपोर्टवर ऑपरेशन ठरवू नका. आडव्या पायात गळती कमी दिसते आणि कोणती शीर गळते हेच चुकतं. मोफत शिबिरातली तपासणी ‘त्रास आहे का’ एवढं कळायला ठीक. लेझरसाठी तपासणी पुन्हा, निवांत, उभ्यानं करून घ्यावी.

दुपारनंतरची वेळ घ्या, तोवर शिरा भरलेल्या असतात. दाबाचे मोजे तपासणीआधी काढून ठेवा. जांघेपर्यंत सोनोग्राफीचा प्रोब फिरवावा लागतो, म्हणून सैल लुंगी किंवा परकर सोबत असू द्या. पाणी पिऊन या. उभं राहून चक्कर येणाऱ्यांनी तसं आधीच सांगावं. तिरप्या टेबलावरही तपासणी होते.

हातात आलेल्या रिपोर्टमध्ये पुढच्या गोष्टी आहेत का ते स्वतः बघा.

- खोल शिरा मोकळ्या आहेत का, जुन्या किंवा नव्या गाठीची खूण आहे का.
- जीएसव्ही आणि एसएसव्ही दोन्ही तपासल्या का, उलटा प्रवाह कुठून सुरू होऊन कुठं संपतो, किती सेकंद.
- शिरेची जाडी मिलिमीटरमध्ये: जांघेपाशी, मांडीच्या मध्यावर, गुडघ्यापाशी.
- शीर कातडीपासून किती खोल आहे.
- गळके परफोरेटर कुठं, टाचेपासून किती सेंटिमीटरवर, किती जाड. जखमेखालचा ३.५ मिमी किंवा अधिक जाडीचा गळका परफोरेटर महत्त्वाचा असतो.

‘बायलॅटरल व्हेरिकोज व्हेन्स’ एवढ्या एका ओळीच्या रिपोर्टवर कोणताही चांगला सर्जन समाधानी राहत नाही. तुम्हीही राहू नका. बरेच अनुभवी सर्जन रुग्णाला स्वतः पुन्हा उभं करून प्रोब फिरवून बघतात. असा डॉक्टर भेटला तर तुमचा वेळ जातोय असं समजू नका.

लेझर कुणाला चालतो, कुणाला नाही

फायबर सरळ आत जाईल इतकी सरळ आणि मोकळी मुख्य शीर हवी. फारच नागमोडी असेल तर फोम किंवा शस्त्रक्रियेचा आधार घ्यावा लागतो. खोल शिरेत ताजी गाठ असेल, पायाच्या धमनीत रक्तपुरवठा फार कमी असेल, कातडीला जंतुसंसर्ग असेल किंवा रुग्णाला उठून चालताच येत नसेल, तर लेझर थांबवतात. खोल शीर पूर्वीच्या गाठीनं बंद पडली असेल तर वरची फुगलेली शीर हीच रक्ताची पर्यायी वाट असू शकते. ती बंद केली तर पाय आणखी सुजेल. गरोदरपणात हा उपचार करत नाहीत. बाळंतपणानंतर बऱ्याच शिरा आपोआप ओसरतात, म्हणून साधारण तीन महिने थांबून पुन्हा डॉपलर करावं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या मनानं बंद करू नका. लेझर त्या चालू ठेवूनही करता येतो, निर्णय हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून घेतात.

रेडिओफ्रिक्वेन्सी हा लेझरचाच सख्खा भाऊ: ७ सेंमीचा तुकडा १२० अंशांवर २० सेकंद तापवत खाली येतात. परिणाम जवळपास सारखा, त्यामुळं तुमच्या सर्जनचा हात ज्यावर बसला आहे ते घ्या. गोंद भरून शीर चिकटवण्याच्या पद्धतीत भुलीच्या टोचण्या कमी लागतात, पण खर्च जास्त आणि काहींना त्या गोंदाची अॅलर्जी येते.

खर्च आणि कागदपत्रं

आकडा विचारताना ‘लेझरचं पॅकेज किती’ एवढंच विचारू नका. एका पायाचं की दोन्हींचं, फायबर आणि शिरेत सुई घालण्याचा (पंक्चरचा) किट त्यात आहे का, फांद्या काढणं किंवा फोम त्यात धरलंय का, भूलतज्ज्ञ, मोजे, नंतरची डॉपलर आणि पुढच्या भेटी कशात मोडतात, हे लिहून घ्या. नंतरची भांडणं बहुतेक फोमच्या वेगळ्या बिलावरून होतात.

फायबर एकदाच वापरायचा असतो. सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा आणि त्याचं स्टिकर केसपेपरवर लावून घ्या. हे मागायला संकोच नको.

विम्यात हा डे-केअर उपचार म्हणून बसतो, पण अनेक पॉलिसींत व्हेरिकोज व्हेन्सला सुरुवातीची दोन वर्षं संरक्षण नसतं, म्हणून पॉलिसी आधी वाचा. उपचार सौंदर्यासाठी आहे असं म्हणून दावा नाकारला जातो तो रिपोर्टमध्ये सेकंद, मिलिमीटर आणि टप्पा नसल्यामुळं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमच्या रोगासाठी नेमकं कोणतं पॅकेज लागू होतं, हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रिपोर्ट दाखवून विचारा. कारखान्यात ईएसआय कापत असतील तर ते कार्ड आधी बाहेर काढा. खिसा अगदीच रिकामा असेल तर सिव्हिलच्या सर्जरी ओपीडीत दाखवा. लेझर परवडत नाही म्हणून जखम तशीच ठेवण्यापेक्षा साधं ऑपरेशन किंवा नीट बांधलेली दाबपट्टी शंभर पटींनी बरी.

तारीख कोणती धरावी

उपचारानंतर जाड, घट्ट मोजे घालायचे असतात. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा सोलापुरात ते दिवसभर पायात ठेवणं अवघड जातं आणि लोक तिसऱ्या दिवशी काढून फेकतात. घाई नसेल तर दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ सोयीचा. जखम उघडी असेल किंवा शिरेतून रक्त येऊन गेलं असेल तर मात्र ऋतू बघू नका. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एव्हरा’ या ब्रिटिश अभ्यासात जखम असलेल्यांची गळकी शीर लगेच बंद केली, तेव्हा जखम भरायला मध्यक ५६ दिवस लागले. उपचार पुढं ढकललेल्यांत ८२ दिवस.

आषाढी वारीला जाणाऱ्यांनी निदान दीड महिना आधी उपचार उरकावा. चालण्यानं पायाला त्रास होत नाही, उलट फायदाच होतो. त्रास होतो तो पंढरपूरच्या दर्शनबारीत तासन् तास एका जागी उभं राहण्यानं.

आदल्या दिवशीची तयारी

रक्ताच्या तपासण्या (हिमोग्लोबिन, साखर, क्रिएटिनिन, एचआयव्ही, कावीळ बी व सी) आणि गरजेप्रमाणे ईसीजी आधीच झालेला असतो. पायाचे केस घरी वस्तऱ्यानं काढू नका. बारीक चिरांतून जंतू शिरतात. रुग्णालयात क्लिपरनं काढतात. जांघेपासून पावलापर्यंत साबणानं स्वच्छ आंघोळ करा, तेल किंवा मलम लावू नका. जोडवी, पैंजण, काळा दोरा घरीच काढून ठेवा. मोजे आधीच विकत घेऊन सोबत न्या, कारण ऑपरेशन टेबलावरून उतरतानाच ते चढवायचे असतात.

आणखी एक, आपल्या गावापुरतं. पूर्व भागातल्या अनेक घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडच्या गावांत कन्नड. रुग्ण जागा असतो आणि ‘इथं चटका बसतोय’ हे त्यानं वेळेवर सांगणं सुरक्षिततेसाठी गरजेचं असतं. आजीला मराठी नीट येत नसेल तर तिची भाषा येणारं कुणी आत असावं, हे आधीच ठरवा.

टेबलावर काय होतं

आधी तुम्हाला उभं करून फुगलेल्या फांद्यांवर मार्करनं खुणा करतात. ही पायरी चुकवू देऊ नका. आडवं झालं की शिरा रिकाम्या होतात आणि कोणती फांदी काढायची होती ते शोधता येत नाही.

मग पाय धुऊन निर्जंतुक कापड पसरतात. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत शिरेत सुई जाते, बहुधा गुडघ्याच्या आसपास किंवा गळती जिथं संपते तिथं. सुईतून तार, तारेवरून बारीक नळी, नळीतून लेझरचा फायबर. फायबरचं टोक जांघेत, खोल शिरेच्या जोडाच्या साधारण २ सेंमी अलीकडे थांबवतात आणि पडद्यावर पुन्हा पुन्हा खात्री करतात. हे दोन सेंटिमीटर फार मोलाचे. टोक जास्त पुढं गेलं तर उष्णतेनं झालेली गाठ खोल शिरेत सरकू शकते. फार मागं राहिलं तर वरचा तुकडा उघडा राहून तिथूनच नव्या फांद्या फुटतात.

पुढची पायरी भुलीच्या पाण्याची, टुमेसन्टची. ५०० मिलि थंड सलाइनमध्ये लिग्नोकेन ०.०५ ते ०.१ टक्का होईल इतकं, थोडं अॅड्रेनलिन आणि टोचताना चुरचुरू नये म्हणून सोडियम बायकार्बोनेट. हे पाणी शिरेच्या भोवतालच्या आवरणात दर सेंटिमीटरला सुमारे १० मिलि या हिशोबानं भरतात. ४० सेंमीच्या शिरेला ४०० मिलि. सगळ्या उपचारात जाणवणारं दुखणं काय ते या टोचण्यांचं. पण या पाण्याची कामं तीन आहेत: बधिर करणं, शीर फायबरवर आवळून रिकामी करणं आणि भोवतालच्या कातडीला व मज्जातंतूंना उष्णतेपासून वाचवणं. म्हणूनच मणक्यातून भूल दिली तरी हे पाणी लागतंच. नुसत्या जागेवरच्या भुलीचा फायदा असा की रुग्ण लगेच उठून चालतो.

सगळ्यांच्या डोळ्यांवर, तुमच्याही, लेझरचे चष्मे चढतात. टेबल डोक्याकडून खाली झुकवतात. हल्ली बऱ्याच ठिकाणी १४७० नॅनोमीटरचा लेझर आणि चहूबाजूंनी प्रकाश टाकणारा रेडियल फायबर असतो. जुनी ८१० आणि ९८० नॅनोमीटरची यंत्रंही चालतात, मात्र त्यांत नंतर काळंनिळं पडणं आणि दुखणं जरा जास्त. १० वॅटवर फायबर दर ७ सेकंदांना १ सेंमी मागं ओढला तर प्रत्येक सेंटिमीटरला ७० ज्यूल मिळतात. ४० सेंमी शिरेला २८०० ज्यूल, वेळ पाच मिनिटांहून कमी. जाहिरातीतला ‘लेझर’ तो एवढाच. बाकीचा तास तयारीचा आणि फांद्यांचा असतो.

फांद्या २-३ मिमीच्या छिद्रांतून हुकानं ओढून काढतात, टाका लागत नाही. किंवा त्यांत पोलिडोकॅनॉलसारखं औषध हवेबरोबर फेसाळून भरतात. काही सर्जन फांद्या लगेच करत नाहीत. मुख्य शीर बंद झाल्यावर बऱ्याच आपोआप बारीक होतात, मग दोन-तीन महिन्यांनी उरलेल्या बघतात. दोन्ही पद्धती योग्य आहेत, फक्त तुमच्या बाबतीत कोणती ते आधी ठरलेलं असावं.

घरी निघण्याआधी डिस्चार्ज कागदावर चार आकडे लिहून घ्या: लेझर किती नॅनोमीटरचा, किती वॅट, किती सेंटिमीटर शीर, एकूण किती ज्यूल. पुढं शीर उघडली तर कोणताही डॉक्टर हे आकडे बघून कारण शोधू शकतो.

पहिले दोन आठवडे

टेबलावरून उतरलात की मोजा चढवून १५ ते ३० मिनिटं चाला, तिथंच, व्हरांड्यात. त्यानंतर रोज चालणं: दर तासाला पाच-दहा मिनिटं, शिवाय दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास. ‘ऑपरेशन झालंय, पडून राहा’ हा घरच्यांचा प्रेमाचा आग्रह इथं घातक ठरतो, कारण पडून राहण्यानं खोल शिरेत गाठ होण्याचा धोका वाढतो. खाटेवर असताना पायाखाली उशी घ्या आणि पंजा पुढं-मागं हलवत राहा.

मोजे पहिले एक-दोन दिवस रात्रीही, नंतर एक ते दोन आठवडे दिवसा. फांद्या काढल्या असतील तर डॉक्टर जास्त दिवस सांगतात. आंघोळ ४८ तासांनी. जेवण नेहमीचं, पथ्याची लांबलचक यादी या उपचाराला लागत नाही, बद्धकोष्ठ होऊ नये एवढं बघा.

तिसऱ्या दिवशी बरं वाटतं आणि पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान मांडीच्या आतून ओढल्यासारखं दुखू लागतं, हाताला दोरीसारखा कडकपणा लागतो. घाबरण्याचं कारण नाही. बंद झालेली शीर आकसते आहे. पॅरासिटामॉल पुरतं. पोटाचा अल्सर किंवा मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारून. काळेनिळे डाग दोन-तीन आठवड्यांत जातात.

दुचाकी त्या दिवशी चालवायची नाही. नंतर, जोरात ब्रेक दाबताना पाय आखडत नाही याची खात्री पटली की चालवा. किक मारणं आठवडाभर टाळा. पुण्याला किंवा हैदराबादला जाऊन उपचार घेणाऱ्यांनी परतीच्या प्रवासात दर तासाला उठून डब्यात फेऱ्या माराव्यात. कारनं येत असाल तर वाटेत थांबून चाला. लांबचा विमानप्रवास महिनाभर पुढं ढकललेला बरा.

आठवड्याच्या आत एक डॉपलर ठरलेलीच असावी: शीर बंद झाली का आणि जांघेपाशी गाठ खोल शिरेत डोकावते का, ते बघायला. दुखत नाही म्हणून ही भेट चुकवू नका. पुढची तीन ते सहा महिन्यांनी.

पोटरी एकदम टणक होऊन सुजली, दम लागला, छातीत दुखलं, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट अपघात विभागात जा आणि ‘शिरेचं लेझर झालंय’ हे पहिलंच वाक्य सांगा. ताप, पू, पसरत जाणारी लाली असेल तर त्याच दिवशी दाखवा.

काय बिघडतं आणि का

कातडी भाजणं: शीर कातडीच्या फार जवळ असताना वरच्या बाजूनं पाणी कमी भरलं गेलं तर. कातडीपासून निदान १ सेंमी अंतर तयार व्हावं असं भरतात. रिपोर्टवर खोली लिहून हवी ती यासाठीच.

पोटरी किंवा घोट्याशी बधिरपणा: गुडघ्याखाली मज्जातंतू शिरेला चिकटून जातो. खालपर्यंत लेझर नेला की धोका वाढतो. बहुतेकांचा बधिरपणा काही महिन्यांत ओसरतो, काहींचा थोडा उरतो. लेझर चालू असताना घोट्याकडे करंट गेल्यासारखं वाटलं तर तत्क्षणी बोला.

तपकिरी रेघ: वरवरच्या शिरेत अडकलेल्या रक्ताचा रंग कातडीत उतरतो. सहा महिने ते वर्षभरात फिका पडतो. ऊन टाळा.

शीर पुन्हा उघडणं: कमी ज्यूल, घाईनं ओढलेला फायबर, किंवा जाड शीर पाण्यानं नीट न आवळणं. याहून जास्त वेळा होतं ते वेगळंच: मुख्य शीर बंदच असते, पण आधी न तपासलेली एसएसव्ही किंवा परफोरेटर गळत राहतो आणि ‘लेझर फसला’ असा बोभाटा होतो. फसलेली असते ती डॉपलर. काही वर्षांत नव्या शिरा फुगण्याची शक्यताही राहतेच; ‘कायमचा बरा’ अशी हमी कुणी प्रामाणिकपणे देऊ शकत नाही.

मोजे: माप आणि उन्हाळा

उपचारानंतर सहसा क्लास २ देतात, घोट्याला २३ ते ३२ मिमी पारा इतक्या दाबाचा. माप सकाळी, सूज चढण्याआधी घ्यायचं: घोट्याचा सर्वांत बारीक घेर, पोटरीचा सर्वांत जाड, मांडीचा घेर आणि लांबी. ‘मीडियम द्या’ म्हणून घेतलेला मोजा गुडघ्यामागं वळकटी करतो आणि तिथंच पाय आवळतो. पावलातली नाडी लागत नसेल, मधुमेह जुना असेल, तर आधी घोटा आणि दंडाच्या रक्तदाबाची तुलना करून घ्या. रक्तपुरवठा कमी असलेल्या पायाला घट्ट मोजा इजा करतो.

दोन जोड ठेवा. घामाचा मोजा रोज कोमट पाण्यात साध्या साबणानं धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. गच्चीवरच्या कडक उन्हात रबर लवकर मरतं. सहा महिन्यांत दाब उतरतो. उन्हाळ्यात पुढचा पंजा उघडा असलेला मोजा घ्या, आणि मांडीपर्यंतचा सहन होत नसेल तर गुडघ्यापर्यंतचा चालेल का ते विचारा. पायात राहणारा आखूड मोजा कपाटात पडलेल्या लांब मोज्यापेक्षा कामाचा.

जखम असेल किंवा शीर फुटली तर

फुगलेली शीर घोट्याशी फुटली की रक्ताची धार लागते, दुखत मात्र नाही. आंघोळ करताना असं झालं की माणूस उभा राहून रक्त बघत बसतो. ताबडतोब आडवे व्हा, पाय छातीहून उंच करा, स्वच्छ कापड घडी करून त्या जागेवर दहा ते पंधरा मिनिटं सलग दाबून धरा. मध्ये उघडून बघू नका. वर मांडीला दोरी किंवा रुमाल आवळू नका, त्यानं रक्तस्राव वाढतो. थांबल्यावर पट्टी बांधून त्याच दिवशी दवाखाना.

जखमेवर हळद, चुना, तंबाखू, गोळ्यांची पूड काहीही लावू नका. पिण्याच्या पाण्यानं किंवा सलाइननं धुणं, साधी न चिकटणारी पट्टी आणि पंजापासून गुडघ्यापर्यंत थरांत बांधलेली दाबपट्टी, हाच उपचार. लेझर त्याला जोड आहे, पर्याय नाही. जखम तीन महिने नीट बांधूनही भरत नसेल किंवा कडा वर उचललेल्या, मांसल दिसू लागल्या तर तुकडा तपासायला पाठवायलाच हवा. जुन्या जखमेत क्वचित कर्करोग होतो.

कामावर परतताना

बैठं काम दोन-तीन दिवसांत सुरू करता येतं, मागावरचं उभं काम एक ते दोन आठवड्यांनी, जड बिमं उचलणं त्याहून उशिरा. मागापाशी एका जागी उभं न राहता दोन मागांच्या मधून फेऱ्या मारा. थांबावंच लागलं तर दर दहा मिनिटांनी टाचा वीसदा वर-खाली करा. शिफ्ट अर्ध्यावर आली की दहा मिनिटं आडवं होऊन पाय सुताच्या पोत्यावर टेकवता आले तर संध्याकाळची सूज बरीच कमी राहते. मुकादमाशी किंवा मालकाशी हे आधी बोलून ठेवा, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत घेऊन.

विड्या वळताना मांडी घालून बसलं की पोटरीचा स्नायू काहीच काम करत नाही. दर अर्ध्या तासाला सूप खाली ठेवून उठा, अंगणात एक चक्कर मारा. जमेल तिथं पाटावर किंवा बुटक्या स्टुलावर बसून पाय पसरून वळा. दुसऱ्या पायात शिरा दिसत असतील आणि त्रास नसेल तर आजच लेझरची गरज नाही. सहा महिन्यांच्या डॉपलरला जाल तेव्हा तो पायही उभ्यानं तपासून घ्या.